गावकीने वाळीत टाकलंय, आता संविधानात दाद कुठे मागायची?

दापोली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, त्यांच्या गावकीबद्दल, म्हणजे गावाचे निर्णय घेणाऱ्या परंपरेने चालत आलेल्या मंडळींबद्दल. पत्र मोठं आहे, नाव आणि गाव काढून त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देतेय.

"मॅडम, आमच्या वॉर्डात महिला राखीव सीट होती. गावकीने देवळात बैठक घेऊन एक नाव ठरवलं, नारळ ठेवला आणि सांगितलं बिनविरोध करायचं. मी तरी फॉर्म भरला आणि पडले. त्यानंतर आमचं घर वाळीत टाकलं. शिमग्याला पालखी सगळ्यांच्या घरी गेली, आमच्याकडे आली नाही. गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानात सामान देत नाहीत, लावणीला कोणी आलं नाही, आमच्याशी बोलेल त्याला 5 हजार दंड. मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने मिस्टरांना ग्रुपमधून काढलं. आणि आता ग्रामपंचायतीने आमचं नळाचं कनेक्शनही तोडलं. 51 हजार दंड भरा आणि देवासमोर माफी मागा म्हणतात. पोलीस म्हणाले गावातलं गावात मिटवा. समानता, स्वातंत्र्य हे मूलभूत हक्क आहेत ना? निवडणूक लढवणं माझा मूलभूत हक्क आहे ना? मग डायरेक्ट सुप्रीम कोर्टात गावकीवर केस टाकता येईल का? ते म्हणतात हा धर्माचा विषय आहे, अख्ख्या गावाचा ठराव आहे, कोर्ट काही करू शकत नाही."

ताई, सगळ्यात आधी, दंड भरू नका आणि माफीचा कुठलाही कागद सही करून देऊ नका. एकदा तुम्ही लिहून दिलंत की 'आमचं चुकलं' की तोच कागद उद्या पोलिसांपुढे ठेवतील आणि म्हणतील की बघा, यांनीच मान्य केलंय, आता भांडण राहिलंच कुठे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो खूप लोकांना पडतो आणि त्याचं उत्तर शाळेत नागरिकशास्त्रात कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. संविधानाच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत, कलम 14 समानता, कलम 19 बोलण्याचं, फिरण्याचं, धंदा करण्याचं स्वातंत्र्य, कलम 21 जगण्याचा हक्क. हे हक्क तुमचे आहेत यात वाद नाही. पण ते कोणाविरुद्ध आहेत? तर बहुतेक सगळे हक्क 'राज्या'विरुद्ध आहेत, आणि राज्य म्हणजे कोण ते कलम 12 मध्ये लिहिलंय, केंद्र सरकार, संसद, राज्य सरकार, विधिमंडळ आणि स्थानिक प्राधिकरणं. म्हणजे संविधान मुख्यतः सत्तेचे हात बांधतं. कारण ज्याच्याकडे पोलीस आहेत, तुरुंग आहे, टॅक्स घ्यायची ताकद आहे त्याच्यापासून माणसाला वाचवणं हे पहिलं काम होतं. शेजारी शेजाऱ्याशी वाईट वागला तर त्यासाठी साधे कायदे असतात, ते संसद नाहीतर विधानसभा करते.

गावकी या 12 व्या कलमात बसत नाही. तिला कोणी कायद्याने बनवलेलं नाही, तिच्या बैठकीच्या ठरावाला सरकारी किंमत शून्य आहे. म्हणून गावकीने कलम 14 मोडलं अशी केस डायरेक्ट सुप्रीम कोर्टात टिकवणं कठीण आहे.

पण ग्रामपंचायत बसते! ती स्थानिक प्राधिकरण आहे, तिला तर संविधानातच जागा आहे, 73 व्या दुरुस्तीने भाग 9 आला तो 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. तुमची राखीव सीट पण त्यातूनच आली, कलम 243 ड मध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा आहेत आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. आता तुमच्या गावात काय झालंय, जी माणसं संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गावकी म्हणून बसतात त्यातलीच काही सकाळी ग्रामपंचायतीच्या ऑफिसात खुर्चीवर बसतात, आणि तुम्हाला दोन्ही एकच वाटतंय. कायद्याला ती एक वाटत नाहीत. देवळात बसून पालखी अडवली तर तो गावकीचा गुन्हा. ऑफिसातून नळ तोडला तर ते राज्याने तुमचा हक्क मोडणं. दोन्हीकडे जायचे रस्ते वेगळे आहेत आणि तुम्ही दोन्ही रस्ते एकाच वेळी धरायचे आहेत.

गावकीचं आधी बघू. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, 2016 मध्ये विधिमंडळाने केला आणि राष्ट्रपतींची मंजुरी येऊन जुलै 2017 पासून लागू झाला, असा स्वतंत्र कायदा करणारं आपलं राज्य पहिलं. या कायद्यामागे आपल्या कोकणचं दुःख मोठं आहे, रायगड आणि रत्नागिरीतल्या वाळीत टाकलेल्या घरांच्या बातम्या वर्षानुवर्षं पेपरात येत होत्या. तुमच्या पत्रातली जवळपास प्रत्येक गोष्ट या कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेली आहे. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात, मिरवणुकीत भाग घेऊ न देणं, व्यवहार तोडायला लोकांना चिथावणं, जगणं मुश्कील करणं, अगदी राजकीय कलावरून भेदभाव करणं सुद्धा. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हा कायदा अशा मंडळींना जातपंचायत म्हणतो, ती म्हणजे फक्त नोंदणी केलेली संस्था असं नाही, नोंदणी असो नसो, नाव काहीही असो, समाजातले वाद मिटवायला आणि नियम लावायला बसलेली मंडळी त्यात येतात. तेव्हा 'आमची कमिटी कुठे रजिस्टर आहे' हा बचाव चालत नाही. मदत करणारे पण अडकतात, म्हणून मुंबईत बसून फोनवरून हुकूम सोडणाऱ्या मंडळवाल्यांनीही समजून घ्यावं की डोंबिवलीत राहिलो म्हणजे आपण बाहेर असं होत नाही.

हा कायदा एकाच समाजातल्या माणसांनी आपल्यातल्याच माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे, आणि पत्रावरून तुम्ही आणि गावकीवाले एकाच समाजाचे दिसता. जे वाचक अनुसूचित जाती किंवा जमातीचे आहेत आणि दुसऱ्यांनी बहिष्कार टाकलाय त्यांच्यासाठी 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि तो जास्त कडक आहे. तिथे संविधानाचं अस्पृश्यता बंद करणारं कलम 17 पण येतं, आणि कलम 17 हे त्या मोजक्या कलमांपैकी आहे जी सरकारसोबत प्रत्येक माणसाला बांधतात.

त्या मोजक्या कलमांत अजून एक आहे आणि ते आपल्या मातीतलं आहे म्हणून त्यावर थांबतेच. कलम 15 (2). त्यात म्हटलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानं, हॉटेलं, तसंच सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते वापरायला अडवता येणार नाही. विहिरी आणि तलाव हे शब्द देशाच्या संविधानात का आले असतील? महाडला जाऊन चवदार तळ्याच्या काठावर उभं राहिलं की कळतं. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सदस्य सी. के. बोले यांचा ठराव झाला होता की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला, पण कागदावर ठराव आणि तळ्यावर बंदी असंच चाललं होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणून, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला 17 मार्च 1937 उजाडला. 10 वर्षं एका तळ्याच्या पाण्यासाठी! ज्या माणसाने हे सोसलं तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला आणि पाणवठा हा मूलभूत हक्कांच्या यादीत आला. त्या माणसाचं मूळ गाव आंबडवे, तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात.

तुमच्या केसमध्ये 15 (2) तंतोतंत लागेल असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला जातीवरून नाही, निवडणुकीवरून अडवलंय. पण नळ ग्रामपंचायतीचा आहे त्यामुळे त्याची गरजच पडत नाही, कलम 14 आणि 21 पुरे आहेत. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सुप्रीम कोर्टाने कलम 21 वाचताना सांगितलेलं आहे. आणि कलम 14 म्हणतं सगळ्यांना सारखं वागवा, मनमानी करू नका. पाणीपट्टी थकली म्हणून कनेक्शन तोडलं असेल तर तुमच्यासारखे थकबाकीदार गावात अजून किती, त्यांचे नळ चालू का? आणि नोटीस न देता तोडलं कसं?

म्हणून या आठवड्यात माहिती अधिकारात एक अर्ज टाका, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, साध्या भाषेत, की आमचं कनेक्शन कोणत्या तारखेच्या कोणत्या ठरावाने तोडलं त्याची प्रत द्या, आम्हाला दिलेल्या नोटिशीची प्रत द्या, आणि थकबाकीदारांची यादी द्या. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ठराव असेल तर पुरावा, नसेल तर त्याहून मोठा पुरावा. पाणीपट्टी बाकी असेल तर ती मात्र लगेच भरा आणि पावती घ्या, घेत नसतील तर मनीऑर्डर करा. सोबत गटविकास अधिकाऱ्याला (बीडीओ) लेखी तक्रार आणि जिल्हा परिषदेच्या सीईओंना प्रत, पोच घेऊन. सरपंच किंवा सदस्याने पदाचा गैरवापर केला तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली त्याला पदावरून काढता येतं, ही गोष्ट तक्रारीत एका ओळीत लिहा म्हणजे ते कागद वाचतील.

आता पोलीस. 'गावातलं गावात मिटवा' हे सांगायचा त्यांना अधिकार नाही. सामाजिक बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीवाचून पोलीस तपास करू शकतात असा, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाच्या पाच जजेसनी 2013 मध्ये ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय. जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायदे आलेत, त्यात 3 वर्षं ते 7 वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीने पोलीस आधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढी सवड त्यांना आहे, पण 'चौकशी चालू आहे' म्हणत सहा महिने लोंबकळत ठेवता येत नाही. तक्रार तोंडी नको, लिहून न्या, शेवटच्या पानावर शिक्का आणि तारीख घ्या. नाही घेतली तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने जिल्ह्याच्या एसपींना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दापोलीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जा, सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात तर पोलिसांना बाजूला ठेवून थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची सोय आहेच.

पुरावे सांभाळा. मंडळाच्या ग्रुपवरचे मेसेज, मिस्टरांना काढल्याचा स्क्रीनशॉट, दंडाच्या रकमेची ऑडिओ क्लिप असेल तर ती, आणि ज्या फोनमध्ये हे आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि मूळ फोन लागू शकतो. गिरणीवाला चार लोकांत बोलणार नाही पण पोलिसांपुढे कदाचित बोलेल, त्याच्यावर राग धरू नका, तोही त्या 5 हजारांना घाबरतोय.

निवडणुकीचं म्हणाल तर एक गोष्ट नीट करून घेऊ. निवडणुकीला उभं राहणं हा मूलभूत हक्क आहे असं कोर्टात म्हणू नका, समोरचा वकील तिथेच पकडेल. सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी म्हटलंय की उभं राहण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. म्हणून तो कमी दर्जाचा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 प्रमाणे उभं राहायच्या किंवा न राहायच्या हक्कात धमकी देऊन ढवळाढवळ करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की उमेदवाराला किंवा मतदाराला 'तुझ्यावर देवाची अवकृपा होईल' अशी भीती घालणं हा सुद्धा गैरवाजवी प्रभाव. देवळात नारळ ठेवून 'जो मोडेल त्याला देव बघून घेईल' असं कोणी म्हणालं असेल तर ते वाक्य तक्रारीत जसंच्या तसं घाला, कोण म्हणालं आणि कोणासमोर तेही. आपसात समजुतीने बिनविरोध झाली तर ठीकच आहे, खर्च वाचतो. पण दमदाटीने किंवा बोली लावून केलेली बिनविरोध ही निवडणूकच नाही, 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक पदांचा लिलाव झाला म्हणून रद्दच केली होती.

'हा धर्माचा विषय आहे' याचं काय? याला थोडा आधार आहे म्हणून ते बोलतात. 1949 मध्ये मुंबई राज्याने बहिष्कारबंदीचा कायदा केला होता, तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिल्यावर 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 मताने रद्द केला, कारण धार्मिक पंथाला कलम 26 खाली आपल्या धर्माच्या बाबी स्वतः बघायचा हक्क आहे. तो निकाल बरोबर होता का हा प्रश्न 2023 मध्ये पाच जजेसनी मोठ्या, नऊ जजेसच्या बेंचकडे पाठवलाय. पण तुमच्या गावकीला त्यातून काही मिळत नाही. तिथे वाद श्रद्धेवरून, धर्माच्या शिस्तीवरून बहिष्कृत करण्याचा होता. तुम्ही देव नाकारलात का? पूजा मोडलीत का? तुम्ही तहसील ऑफिसात फॉर्म भरलात. त्याची शिक्षा पालखी अडवून देणं म्हणजे देवाला मधे घालून राजकारण करणं, आणि मला याचा मनापासून संताप येतो, कारण आपल्याकडे शिमग्याला पालखी दारात येणं म्हणजे काय असतं, सासू ओटी घेऊन कशी तिष्ठत असते हे मुंबईहून गाड्या भरभरून येणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे आणि नेमकं म्हणूनच ते हत्यार वापरतात.

आणि 'अख्ख्या गावाचा ठराव'. ताई, बहुमताने सगळं करता येत असतं तर मूलभूत हक्क लिहायची गरजच नव्हती. 1973 मध्ये केशवानंद भारती केसमध्ये 13 जजेस बसले होते, आजवरचं सगळ्यात मोठं बेंच, आणि 7 विरुद्ध 6 ने ठरलं की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते पण त्याचा मूळ गाभा मोडू शकत नाही. दोन तृतीयांश बहुमत असलेल्या संसदेलाही जी मर्यादा आहे ती देवळातल्या बैठकीला नाही असं कसं म्हणता येईल? अख्ख्या गावाने हात वर केले तरी तुमच्या घरातल्या एका माणसाचा हक्क त्याने कमी होत नाही, उलट जेवढे जास्त हात तेवढे जास्त आरोपी.

आता सुप्रीम कोर्ट. कलम 32 खाली मूलभूत हक्कासाठी थेट तिथे जाता येतं हे खरं, बाबासाहेबांनी तर त्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. पण आजकाल कोर्ट बहुतेक वेळा आधी हायकोर्टात जा म्हणतं, आणि कलम 226 खाली हायकोर्टाचे अधिकार उलट जास्त रुंद आहेत. मूलभूत हक्कासाठी आणि साध्या कायदेशीर हक्कासाठी सुद्धा, आणि दिल्लीचा खर्च नको. जानेवारी 2023 च्या कौशल किशोर निकालात पाच जजेसपैकी चौघांनी म्हटलंय की कलम 19 आणि 21 चे हक्क खाजगी माणसांविरुद्धही मागता येतात, तो निकाल तुमच्या वकिलाला दाखवा, पण फक्त त्याच्या जोरावर गावकीवर रिट, म्हणजे हायकोर्टाकडे थेट हुकूम मागणारा अर्ज, टाकू नका. हायकोर्ट पहिला प्रश्न विचारणार, 2016 चा कायदा होता ना, तो वापरलात का?

रिट टाकायची ती नळ तोडणाऱ्या ग्रामपंचायतीवर आणि एफआयआर न घेणाऱ्या पोलिसांवर. आपलं कायद्याने ठरलेलं काम करा असा हुकूम हायकोर्ट त्यांना देऊ शकतं, वकील त्याला मँडॅमस म्हणतात. आणि त्यासाठी मुंबईला जायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्यात आहेत. रायगडच्या वाचकांना मात्र मुंबईच. पण एसपींना पाठवलेल्या तक्रारीची पोच, माहिती अधिकाराचं उत्तर, बीडीओंना दिलेला अर्ज ही फाइल हातात असल्याशिवाय घाट चढू नका.

वकिलाच्या फीची काळजी लिहिलीये तुम्ही. संविधानाच्या कलम 39 अ प्रमाणे पैशावाचून कोणाचा न्याय अडू नये हे सरकारचं कर्तव्य आहे आणि 1987 च्या विधी सेवा कायद्यात महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून अर्ज मिस्टरांच्या नावाने करू नका, तुमच्या नावाने करा. दापोलीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा, आधार कार्ड आणि तुमची तक्रार घेऊन. फोनवर विचारायचं असेल तर 15100 ही हेल्पलाइन आहे.

एफआयआर झाला की माझा अंदाज आहे, गावकी तडजोडीला येईल, कोणाचा तरी मामा, कोणी मुंबईचा मानकरी मधे पडेल. तुम्हाला त्याच गावात राहायचंय, मुलांना त्याच पाखाडीने शाळेत जायचंय, म्हणून तडजोड नकोच असं मी म्हणणार नाही. पण ती देवळात नको. या गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते, तर ती जजसमोर होऊ दे, आणि त्यात लिहून घ्या की बहिष्कार मागे घेतला, तुमच्याशी बोलण्यावरचा दंड मागे घेतला, तुमच्याकडून दंड किंवा माफी मागणार नाही, पुढच्या शिमग्याला पालखी तुमच्या घरी येईल. नळ मात्र तडजोडीत घालू नका. तो तुमचाच आहे, तो तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात मिळायची वस्तू नाही, आणि तो जोडून झाल्याशिवाय कशावरच सही करू नका.